टकटक कुठून येते?

"ताई, आजपण ती टकटक आली बरं का!"

गेल्या वर्षी सप्टेंबरात माझी धाकटी जाऊ हे वाक्य मला निदान तीनदा म्हणाली असेल. एकदा पोळ्या लाटताना, एकदा गौरींच्या आवराआवरीत आणि एकदा लोणावळ्याच्या बाजारात, भाजीची पिशवी हातात असताना. तिन्ही वेळा मी तिला एकच उत्तर दिलं, "अगं, फायबरची गाडी ती, वाजणारच." उत्तर माझं नव्हतं. भावजींचं होतं. मी ते फक्त पुढे सरकवलं होतं. आज लिहायला बसल्यावर हे आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

तर भावजींची गाडी. आमचे भावजी तळेगावला एका कारखान्यात इंजिनीअर. गेली सहा वर्षं बंगल्यामागच्या शेडमध्ये ते आणि त्यांचे एक मित्र मिळून एक स्पोर्ट्‌स कार 'जोडतायत'. चौकोनी पाइपची चासी, वर फायबरची बॉडी, दोनच सीट, छप्पर नाही, पुढची दोन चाकं बॉडीच्या बाहेर उघडी. आत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर. सासूबाई तिला 'घसरगुंडी' म्हणतात. इंजिन एका जुन्या गाडीचं, पुढच्या चाकांचे भाग दुसऱ्या एका छोट्या गाडीचे आणि आर्म स्वतः वेल्डिंग करून घेतलेले. शनिवार-रविवारी मुंबईहून एक्स्प्रेस वेने लाल-पिवळ्या महागड्या गाड्यांचे ताफे लोणावळ्यात येतात ना, ते बघून बघून हे वेड लागलं असं जाऊ म्हणते. भावजींचं म्हणणं वेगळं. त्यांना ती विकत घ्यायची नाही, करायची आहे.

हे वेड काही त्यांच्या एकट्याचं नाही हे मला नंतर कळलं. इंग्लंडात १९५७ साली कॉलिन चॅपमन नावाच्या माणसाने 'लोटस सेव्हन' नावाची अशीच उघडी, हलकीफुलकी गाडी काढली. तयार गाडीवर तिकडे मोठा खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ती खोक्यात भरून विकायची आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायची! जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून कंपनी गाडी 'सुटी करण्याच्या' सूचना द्यायची आणि लोक त्या उलट्या वाचायचे, अशी एक गोष्ट सांगतात. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधायचं पुस्तक आलं आणि जगभरच्या गॅरेजांमधून वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच घाटणीची रोडस्टर बनवली. बॉडी फायबरची आणि आत अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसायचं तेच १.८ लिटरचं इसुझू इंजिन. गोव्यातही सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची फायबरची गाडी बनली होती. भावजींची गाडी या दोन्हींपैकी नव्हे हे आधीच सांगते. ती सर्वस्वी त्यांची.

अशा घरी बांधलेल्या गाडीला नंबर मिळत नाही, निदान सहजासहजी नाही. रस्त्यावर यायचं तर नव्या नमुन्याची चाचणी सरकारमान्य संस्थेत व्हावी लागते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, ती त्यातलीच एक. एका गाडीसाठी हा व्याप कोण करणार? त्यामुळे घसरगुंडी टेम्पोवर चढते आणि पवनानगरच्या बाजूला भावजींच्या मित्राची जमीन आहे तिथे उतरते. तिथे त्यांचा खासगी डांबरी रस्ता आहे, सरळसोट अर्धा-पाऊण किलोमीटर. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी तांबडा चिखल वाहतो. तेवढ्यातच यांची हौस भागते.

ऑक्टोबरातला पहिला रविवार. पाऊस ओसरला होता, तिकोन्यावर ऊन पडलं होतं. आम्ही सगळे डबे घेऊन गेलो होतो. सकाळी भावजींनी दोन-तीन फेऱ्या मारल्या, सरळ रस्त्यावर ऐंशीपर्यंत नेली. मग पुतण्या बसला. वय वर्षं अठरा, लायसन्स हातात येऊन दोन महिने झालेले. शेजारच्या सीटवर जाऊ. रस्त्याच्या टोकाला गाडी वळवायला त्याने वेग अगदी कमी केला, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि कडाड् असा आवाज आला. झाडाची फांदी मोडावी तसा. गाडीचा पुढचा उजवा कोपरा खाली बसला आणि उजवं चाक खालून बाहेर फाकून तिरकं पडलं. मुडपलेल्या पावलासारखं!

लागलं कुणालाच नाही. वेग माणसाच्या चालण्याइतका होता. पण चाक मुडपताना ब्रेकचा होजही तुटला होता आणि ब्रेक ऑइल डांबरावर सांडत होतं. जाऊ गाडीतून उतरली, एका दगडावर जाऊन बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. भावजीही गप्प. तासापूर्वीचा ऐंशीचा आकडा दोघांच्याही डोक्यात असणार. माझ्या तर होताच.

पुतण्या म्हणाला, "काकू, मी काय चुकीचं केलं?" त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

झालं होतं ते असं. पुढच्या चाकाला एकाच वेळी दोन कामं करायची असतात. खड्ड्यात वर-खाली व्हायचं आणि स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळायचं. त्यासाठी चाक ज्या नकलवर बसतं ती नकल आणि चासीला धरलेला आर्म यांच्यामध्ये एक सांधा असतो. त्याला म्हणायचं बॉल जॉइंट. एक पोलादी गोळा, त्याला दांडा, आणि गोळा बसवायला वाटी. आमच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी प्लास्टिकचं मॉडेल दाखवलं होतं, हुबेहूब तेच. खुब्यात वंगण शरीर करतं. इथे वाटीत ग्रीस भरलेलं असतं आणि ते बाहेर जाऊ नये, पाणी-माती आत येऊ नये म्हणून वरून रबराचं बूट चढवलेलं असतं. बूट कसला, इवलीशी टोपीच ती. पण सगळा खेळ त्या टोपीवर! ती फाटली की पावसाचं पाणी आत, ग्रीस बाहेर, आणि मग तांबडी माती सॅन्डपेपरसारखी गोळ्याला घासत बसते. गोळा झिजतो, वाटीचे काठ झिजतात. सांध्यात 'प्ले' येतो. मग गाडी हळू असताना, वळताना, स्पीडब्रेकरवरून उतरताना गोळा वाटीत आपटतो.

टक. टक.

दुसऱ्या दिवशी भावजींनी कामशेतहून एका जुन्या फिटरना बोलावलं. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, हात अजून घट्ट. उमेदीची वर्षं अ‍ॅम्बॅसडर, पद्मिनी आणि स्टँडर्ड हेराल्डखाली झोपून काढलेली. त्यांनी मोडलेला जॉइंट हातात घेतला, बूटाची चिरफाळी बघितली, गोळ्यावरून अंगठा फिरवला. मग भावजींना एकच प्रश्न विचारला, "साहेब, चेक करताना जॅक कुठं लावला व्हता?"

भावजी म्हणाले, "चासीखाली."

"मंग कसा घावल?"

मला आधी काहीच कळलं नाही. त्यांनी दाखवलं तेव्हा कळलं. भावजींनी जाऊच्या तक्रारीकडे अगदीच दुर्लक्ष केलं नव्हतं. सप्टेंबरात एकदा त्यांनी चासीखाली जॅक लावून चाक उचललं होतं, वर-खाली धरून हलवलं होतं. काही हललं नाही, म्हणून फायबरवर शिक्कामोर्तब झालं. पण या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. चासी उचलली की चाक लोंबकळतं, आणि यांच्या गाडीत तसं लोंबकळताना वरचा आर्म चासीच्या पाइपला टेकत होता. म्हणजे स्प्रिंग खालच्या आर्मला खाली रेटतेय, वरून चाक अडलेलं, आणि मधला बॉल जॉइंट ताणून घट्ट धरलेला. झिजलेला सांधासुद्धा मग शहाण्यासारखा गप्प बसतो. अशा गाडीत जॅक लावायचा तो खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ. मग स्प्रिंगचा जोर जॅकवर येतो, जॉइंट मोकळा होतो आणि ढिला असेल तर लगेच सापडतो.

डावं चाक अजून शाबूत होतं. फिटरकाकांनी त्याच्या आर्मखाली जॅक लावला, चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं, एक हात टायरच्या वर, एक खाली, आणि हलवलं.

टक.

शेडच्या दारात जाऊ उभी होती. म्हणाली, "हीच ती." एवढंच. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बूट फाटलं हे निमित्त. मूळ दुखणं बांधणीत होतं. हा जॉइंट ज्या छोट्या गाडीतून काढला, तिथे पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअब एकाच उभ्या खांबात असतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत असतात तसेच. गाडीचं वजन त्या खांबातून थेट नकलवर उतरतं. खालचा बॉल जॉइंट फक्त चाक जागेवर धरतो, वळताना आणि ब्रेक मारताना येणारा जोर सोसतो. वजन त्याच्या वाट्याला येत नाही. भावजींनी तोच जॉइंट अशा जागी बसवला जिथे त्या कोपऱ्याचं सगळं वजन त्याच्यातून जाणार होतं, तेही उलट्या दिशेने. वाटी आर्ममध्ये, गोळ्याचा दांडा वर नकलमध्ये. स्प्रिंग वाटीला खाली ढकलते, चाक गोळ्याला वर ओढतं. गाडी नुसती उभी असली तरी गोळा वाटीतून उपटायचं काम चालूच! दिशा उलटी असती, म्हणजे वजनाने गोळा वाटीत दाबला गेला असता, तर झिजला तरी तो खडखडत का होईना जागेवर राहण्याची शक्यता जास्त. ओढला जाणारा मात्र झिजला की सुटतो. त्या भागाचा यात दोष नाही की तो बनवणाऱ्यांचा नाही. त्याला नेमून दिलेलं काम वेगळं होतं. धुणंभांड्याच्या बाईंना एक दिवस अचानक गच्चीवर पाण्याची टाकी चढवायला लावायची आणि पडली तर तिलाच बोल लावायचा, त्यातला प्रकार.

भावजी हुशार आहेत, पण हुशार माणसं शेडमध्ये एकटी असतात हीच अडचण आहे. कंपनीच्या गाडीचं तसं नसतं. २००५ साली टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा, टॅकोमा वगैरे मिळून साडेसात लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, कारण पुढच्या बॉल जॉइंटमध्ये खोट निघाली होती. एवढी मोठी कंपनी चुकली, पण तिच्याकडे तक्रारी पोचल्या, कुणीतरी त्या मोजल्या, मालकांना पत्रं गेली. घसरगुंडीबद्दल पत्र कोण पाठवणार? जगात ती एकच आहे. तिची तक्रार करणारी एकच व्यक्ती होती, तीन आठवडे करत होती, आणि तिला आम्ही सगळ्यांनी मिळून फायबर ऐकवत होतो.

फिटरकाकांनी चहा घेता घेता हेराल्डची आठवण सांगितली. स्टँडर्ड हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती. तिच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट आणि खाली आट्यांची पितळी ट्रनियन. तिला द्यायचं तेल, ग्रीस नाही. पण ग्रीसगन हातात असली की पोरं सगळीकडे ग्रीसच मारायची. आत ग्रीस सुकून बसायचं, आटे कोरडे पडायचे, पाणी शिरून गंजायचे आणि एक दिवस वळणावर चाक मुडपायचं. "ग्रीस मारलं म्हंजे काम झालं, असं न्हाई," काका म्हणाले. भावजी ऐकून चपापले, कारण लोटस सेव्हनच्या पुढच्या चाकांतसुद्धा याच ट्रायम्फ घराण्याचे भाग वापरलेले होते, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. साता समुद्रापलीकडची ती शर्यतीची गाडी आणि कामशेतच्या डॉक्टरांची हेराल्ड, दोघींचं दुखणं एकच.

आता थोडं तुमच्या-माझ्या गाडीबद्दल, कारण घसरगुंडी काही प्रत्येकीच्या घरी नसते. मी बचतगटांच्या कामासाठी आंदर मावळात जाते. टाकव्याच्या पुढे खांडीपर्यंत. गाडी जुनी ओम्नी. पावसाळ्यानंतर त्या रस्त्यांवर रस्ता कमी आणि खड्डे जास्त. या प्रकारानंतर मी तिला घेऊन आमच्या नेहमीच्या गॅरेजात गेले आणि म्हटलं, पुढचे बॉल जॉइंट बघा. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, काही आवाज आहे का? नाही ना? मग कशाला?" म्हटलं, "उचला, आणि मला दाखवा."

ओम्नीत स्प्रिंग खांबात, म्हणून इथे जॅक चासीखालीच लावायचा आणि चाक लोंबकळू द्यायचं. घसरगुंडीच्या बरोबर उलट! मग आर्म आणि नकलच्या मध्ये टॉमी घालून हलकंच उचकटून बघायचं. ढिला असेल तर दिसतो, हाताला कळतो. माझे सांधे घट्ट होते, पण डाव्या बाजूचं बूट चिरलेलं निघालं आणि आजूबाजूला ग्रीसचा काळा शिडकावा. आवाज यायला अजून अवकाश होता. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा जॉइंट आर्मसकटच बदलतात. बदलून टाकला, अलाइनमेंट करून घेतलं. हजार-दीड हजारात काम झालं. नवा जॉइंट सीलबंद असतो, त्याला ग्रीस भरायची सोय नसते. तेव्हा बूट फाटलं की 'वरून थोडं ग्रीस लावून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा. टायर आतल्या किंवा बाहेरच्या काठाला एकाच बाजूने झिजत असेल, सरळ रस्त्यावर गाडी उगाच इकडेतिकडे ओढत असेल, तरी हे बघून घ्यावं. दर वेळी कारण हेच असेल असं नाही. पण बघायला दहा मिनिटं लागतात.

घसरगुंडी दिवाळीपर्यंत शेडमध्ये चाकांविना उभी होती. भावजींनी खालचे दोन्ही आर्म नव्याने करून घेतले. आता जॉइंट असा घेतलाय की जो मूळ गाडीतही स्प्रिंगचं वजन सोसत होता, आणि बसवलाय असा की वजनाने गोळा वाटीत दाबला जाईल. जिथे उघडे रॉड एंड आहेत, त्यांना बूट नसतंच, तिथे बाहेरून मोठा वॉशर टाकलाय. गोळा निसटला तरी आर्म बोल्टवरून बाहेर येऊ नये म्हणून. कॅसल नटची स्प्लिट पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून परत घालायची नाही, हे काकांनी दोनदा बजावलं. भावजींनी ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

आणि जाऊने एक वही घातलीय. आमच्या गटाच्या हिशेबाच्या वहीसारखीच, लाल बायंडिंगची. तारीख, किती किलोमीटर, कोणतं चाक, जॅक कुठे लावला, बूट कसं आहे, हललं की नाही. शेवटचा रकाना 'आवाज'. गाडी टेम्पोवर चढायच्या आधी तो रकाना ती स्वतः भरते. त्यासाठी भावजी शेडमध्ये हळू एक चक्कर मारून, चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून दाखवतात आणि ती इंजिनाकडे नव्हे, चाकाकडे कान करून उभी राहते. जानेवारीत एकदा तिने 'आवाज आहे' लिहिलं. भावजींनी तासभर शोधलं. नंबरप्लेटच्या जागी लावलेल्या पत्र्याचा स्क्रू ढिला होता! पुतण्या हसायला लागला तर भावजीच त्याच्यावर ओरडले.

वरचे दोन जॉइंट अजून जुनेच आहेत. ते सध्या घट्ट आहेत, पण मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, तेही बदलायचे ठरलेत. वहीत पेन्सिलने लिहून ठेवलंय. तोपर्यंत वेगाची मर्यादा चाळीस, असं जाऊने ठरवलं आणि भावजींनी मान्य केलं. मला पुतण्या परवा म्हणाला, "काकू, एकदा बसा की!" अजून बसले नाही.